मेंढपाळाचे अनुदान आणि त्याचे माप



अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘अनुदान’ हा शब्द आपणांस वारंवार भेटतो. सरकारने आपल्या तिजोरीतून एखाद्या धंद्यास, संस्थेस अथवा व्यक्तीस परतफेडीच्या अटीवाचून जी मदत द्यावयाची, तिला अनुदान म्हणतात. ही व्याख्या पाठ करावयास सोपी आहे. परंतु ही मदत कोणत्या मापाने मोजून द्यावयाची आणि माप बदलले असता घेणाऱ्याचे वर्तन कसे बदलते, हा खरा अभ्यासाचा भाग होय आणि तो व्याख्येत सापडत नाही.

हा भाग समजून घेण्यास मेंढपाळीच्या धंद्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. अनेक देशांनी मेंढपाळांना अनुदान देऊन पाहिले, निरनिराळ्या मापांनी देऊन पाहिले. आणि एका देशाने तर ते जवळजवळ एकाएकी बंद करूनही पाहिले. तो देश म्हणजे न्यूझीलंड. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या देशाची हकीकत सांगावयाची आहे. अमेरिका व ब्रिटन या दोन देशांचा उल्लेख तुलनेपुरता येईल आणि शेवटी आपल्या भागातील मेंढपाळाकडे वळून आपण एक प्रश्न विचारू.

मेंढपाळास मदतीची गरज का भासते?

कापडाच्या गिरणीस मागणी घटली तर ती काही दिवस माग बंद ठेवू शकते. मेंढपाळास तसे करता येत नाही. मेंढी ठराविक ऋतूत विते, कोकरू ठराविक काळात वाढते आणि कुरणातील गवत ठराविक महिन्यांपर्यंतच पुरते. गवत संपत आले की भाव कसाही असो, कोकरे विकणे भाग पडते. वीत होण्याच्या दिवसांत थंडी अथवा पाऊस यांचा तडाखा बसला, तर नवजात कोकरे एका रात्रीत मरतात. शिवाय लोकर व मांस यांचे भाव बहुधा दूरच्या बाजारात ठरतात. ज्याने मेंढी पाळली त्याचा त्या भावावर काडीचाही अधिकार चालत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मेंढी पुष्कळदा अशा जमिनीवर चरते की जेथे दुसरे काही पिकत नाही. उंच, खडकाळ, वाऱ्याने झोडपलेल्या डोंगरावर नांगर चालत नाही. तेथील मेंढपाळ गेला तर त्याची जागा घेणारा दुसरा कोणी नसतो. हळूहळू गाव ओस पडते, शाळा बंद पडते. म्हणून अशा कुटुंबांना टिकवून धरावे, असे सरकारांना वाटते. यास भर म्हणून परदेशी चलन मिळविण्याची निकड असते, आणि जुन्या काळी सैनिकांच्या गणवेशासाठी लोकर हाताशी असावी, हाही विचार असे. एवढी कारणे असल्यावर अनुदान द्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर सरकारे सहज ‘द्यावे’ असे देतात. अडचण येते ती पुढच्या प्रश्नात: कशावर द्यावे?

एका जहाजाची सफर

न्यूझीलंड हा दक्षिण गोलार्धातील दोन मोठ्या व अनेक लहान बेटांचा देश. तेथे बारमाही गवत उगवते. म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी मेंढपाळी मोठ्या प्रमाणावर सुरू केली. प्रारंभी लोकर एवढेच उत्पन्न होते. लोकर महिनोन्‌महिने टिकते, ती जहाजातून इंग्लंडला पाठविता येई. मांस मात्र टिकत नसे. त्यामुळे म्हाताऱ्या झालेल्या मेंढ्यांचे करावयाचे काय, हा प्रश्नच होता.

ही अडचण १८८२ साली सुटली. त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारी रोजी ‘डनेडिन’ नावाचे, मांस गोठविण्याची यंत्रे बसविलेले शिडाचे जहाज पोर्ट चाल्मर्स या बंदरातून निघाले. त्यात मेंढ्या व कोकरे यांची सुमारे पाच हजार सोललेली धडे होती. विषुववृत्ताची उष्णता ओलांडून ९८ दिवसांनी, २४ मे रोजी ते लंडनला पोहोचले, तेव्हा जवळजवळ सर्व माल उत्तम स्थितीत निघाला. त्या दिवसापासून न्यूझीलंडची कुरणे आणि इंग्लंडमधील स्वयंपाकघरे यांच्यात एक दोर बांधला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सरकारने न्यूझीलंडचे मांस व लोकर घाऊक करार करून खरेदी केली. १९५० च्या सुमारास त्या देशाच्या एकूण निर्यातीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माल एकट्या ब्रिटनला जात असे. कोरियन युद्धाच्या वेळी, म्हणजे १९५०-५१ मध्ये, लोकरीचे भाव इतके चढले की मेंढपाळांच्या घरी सुबत्तेचा पूर आला.

परंतु ज्याचे एकच गिऱ्हाईक असते, त्याची सुबत्ता त्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. १९६६ च्या अखेरीस लोकरीचे भाव सुमारे ४० टक्क्यांनी कोसळले. कृत्रिम धाग्यांची चढाओढ वाढत चालली होती. पुढे १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले आणि न्यूझीलंडच्या मालासाठी शंभर वर्षे उघडे असलेले दार आकसू लागले. त्याच वर्षी खनिज तेलाचे भाव भडकले. विकावयाच्या वस्तूंना भाव नाही आणि घ्यावयाच्या वस्तू महाग, अशा कोंडीत तो देश सापडला.

पूरक किमान किंमत

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एकच मार्ग त्या वेळच्या राज्यकर्त्यांस दिसला. तो म्हणजे मेंढ्या वाढवाव्यात, मांस व लोकर वाढवावी आणि अधिक माल विकून परदेशी चलन मिळवावे. १९७६ साली कळप वाढविणाऱ्या शेतकऱ्यांस उत्तेजन देणारी कर्जयोजना निघाली; वाढलेला कळप ठरलेल्या मुदतीपर्यंत टिकविला तर कर्ज माफ होत असे. १९७८ साली झुडपांनी भरलेली पडीक जमीन साफ करून तिचे कुरण करणाऱ्यांसाठी सवलतीची कर्जे आली. आणि त्याच वर्षी पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांच्या सरकारने या साऱ्यांत मोठी अशी ‘पूरक किमान किंमत योजना’ सुरू केली.

तिचे तत्त्व सोपे होते. सरकारने हंगामापूर्वी मांस व लोकर यांची एक किमान किंमत जाहीर करावयाची आणि बाजारभाव तिच्याखाली गेला तर तूट तिजोरीतून भरून द्यावयाची. केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका कोकराची किमान किंमत २० डॉलर ठरली आणि बाजारात त्यास १४ डॉलरच मिळाले, तर उरलेले ६ डॉलर सरकार देणार. शेतकऱ्याच्या हाती २० डॉलर पडले. त्याचे घर चालले, कर्जाचा हप्ता गेला, मुलांची शाळा सुटली नाही. यात वाईट काय?

वाईट काय ते समजण्यासाठी बाजारभावाचे दुसरे काम ध्यानात घेतले पाहिजे. भाव हा शेतकऱ्याचे उत्पन्न ठरवितो, तसाच तो शेतकऱ्यास एक निरोपही देतो. १४ डॉलर हा भाव सांगत होता, “या प्रकारचे कोकरू एवढ्या संख्येने आम्हांस नको आहे. थोडी कमी पाळा, अथवा निराळ्या प्रतीची पाळा.” तो निरोप शेतकऱ्याच्या कानी पडण्यापूर्वीच सरकारचे ६ डॉलर मध्ये येऊन उभे राहत. शेतकऱ्यास ऐकू येई ते एवढेच: “भाव २० आहे, आणखी पाळा.” शेतकरी आळशी अथवा लबाड होता असे मुळीच नाही. त्याला जो आकडा दिसत होता, त्यावर त्याने केलेला हिशेब बिनचूक होता. आकडाच खरा नव्हता.

परिणाम व्हावयाचा तो झाला. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुमारे साडेपाच कोटी असलेली मेंढ्यांची संख्या १९८२ साली ७ कोटींच्या वर गेली. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे ३२ लक्ष होती. म्हणजे माणशी २२ मेंढ्या झाल्या! एरव्ही कोणी मेंढी घातली नसती अशा उभ्या उतारांवरही कळप चढले आणि त्यांच्यासाठी झाडेझुडपे तोडली गेली. एवढे मांस घेणार कोण? इराणसारखी नवी गिऱ्हाइके शोधण्यात आली. १९८२ मध्ये मांस मंडळाने निर्यातीचे मेंढ्यांचे सर्व मांस स्वतःच्या ताब्यात घेऊन विकण्याचा भार उचलला. तरीही न खपलेल्या मांसाचा काही भाग चरबी व खत तयार करणाऱ्या कारखान्यांकडे गेला. ज्या कोकरासाठी मेंढपाळ थंडीच्या रात्री जागला, त्याचे शेवटी खत व्हावे आणि त्यासाठी करदात्याने पैसे मोजावेत, हा व्यवहार कोणाच्याच हिताचा नव्हता.

आणखी एक परिणाम डोळ्यांस चटकन दिसत नाही. तो नीट समजून घ्या. कुरणापासून उत्पन्न वाढणार अशी हमी मिळाली की कुरणाची किंमत वाढते. ज्याच्याकडे जमीन आधीपासून होती तो घरबसल्या श्रीमंत झाला. परंतु नव्याने धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणास तीच जमीन चढ्या किमतीने, मोठे कर्ज काढून घ्यावी लागली. अनुदानाचे पैसे त्याच्या हाती येत आणि लगेच कर्जाच्या व्याजात जात. म्हणजे ज्याला मदत व्हावी असे सरकारला वाटत होते, तोच अनुदानावर सर्वांत अधिक अवलंबून आणि सर्वांत अधिक धोक्यात होता.

१९८४ : अनुदान बंद

जुलै १९८४ मध्ये निवडणूक होऊन डेव्हिड लाँगी यांचे मजूर पक्षाचे सरकार आले. रॉजर डग्लस हे अर्थमंत्री झाले. तिजोरी रिकामी होती आणि परदेशी कर्जाचा डोंगर उभा होता. त्याच महिन्यात डॉलरचे २० टक्के अवमूल्यन झाले आणि नव्या सरकारने नोव्हेंबरच्या अंदाजपत्रकात किमान किमतीची योजना संपविण्याचे जाहीर केले. त्या वेळी मेंढपाळाच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश अथवा त्याहून अधिक भाग सरकारी मदतीतून येत होता. असा आधार काढून घेतल्यावर घराचे काय होईल, याची कल्पना करावी.

पुढची काही वर्षे अत्यंत कठीण गेली. व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या वर चढले. १९८५ च्या मार्चमध्ये डॉलरचा विनिमयदर बाजारावर सोडून दिला गेला; पुढे तो वधारला, तेव्हा निर्यातदार शेतकऱ्यांच्या पदरी कमी पैसे पडू लागले. जमिनीच्या किमती कोसळल्या. ज्यांनी चढ्या भावाने जमीन घेतली होती, त्यांचे कर्ज जमिनीच्या किमतीहून मोठे झाले. शेतकऱ्यांनी खते घालणे कमी केले, कुंपणांची दुरुस्ती पुढे ढकलली. घरातील स्त्रिया शहरात नोकरीस जाऊ लागल्या. लहान गावांतील दुकाने व शेतीच्या सामानाचा व्यापार यांस मोठा फटका बसला. १९८६ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी राजधानी वेलिंग्टन येथे संसदेवर मोर्चा नेला. इतर उद्योगांना मिळणारे जकातीचे संरक्षण सावकाश कमी होत असताना आमचा आधार मात्र एकदम काढला, ही त्यांची तक्रार होती. आणि ती निराधार नव्हती.

सरकारने सर्वस्वी हात झटकले, असेही झाले नाही. ज्यांना धंदा सोडणे भाग पडले त्यांना निघून जाण्यासाठी एकवेळची मदत दिली गेली आणि सरकारी ग्रामीण बँकेने अडचणीतील शेतकऱ्यांच्या कर्जाचा काही भाग सोडून दिला. सुमारे दहा टक्के शेतकरी, म्हणजे आठ हजारांच्या आसपास कुटुंबे, उखडली जातील अशी भीती व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात सक्तीने जमीन विकावी लागलेल्यांची संख्या सुमारे आठशे, म्हणजे एक टक्का होती, असे तेथील शेतकरी संघटना सांगते. हा एक टक्का आकड्यात लहान दिसतो. परंतु त्यात आठशे घरे आहेत, हे विसरता कामा नये.

मग कळपाचे काय झाले?

अनुदान गेल्यावर भावाचा निरोप मेंढपाळापर्यंत थेट पोहोचू लागला. गिऱ्हाइकास लठ्ठ, चरबीदार धड नको होते. कमी चरबीचे पण आकाराने मोठे कोकरू हवे होते, आणि गोठविलेल्या अख्ख्या धडाऐवजी नीट कापून थंड ठेवलेले तुकडे हवे होते. मेंढपाळांनी त्याप्रमाणे मेंढ्यांची निवड व पैदास बदलली. पूर्वी शंभर मेंढ्यांमागे सुमारे शंभर कोकरे वाचत. आता ती संख्या सव्वाशेच्या वर गेली आहे. १९९० च्या सुमारास कोकराच्या धडाचे सरासरी वजन १४ किलोग्रॅम होते. ते पुढे १८ किलोग्रॅमच्या वर गेले.

मेंढ्यांची संख्या मात्र उतरत गेली. २०२४ मध्ये ती सुमारे २ कोटी ३६ लक्ष होती, म्हणजे १९८२ च्या एक तृतीयांश. कोकराच्या मांसाचे उत्पादन त्या मानाने फारच थोडे घटले. एक सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. संख्या घटली याचे कारण केवळ अनुदान बंद होणे हे नव्हे. पुष्कळ सपाट कुरणे दुधाच्या धंद्याकडे गेली, काही डोंगरांवर लाकडासाठी पाइनची लागवड झाली आणि जाड्याभरड्या लोकरीचा भाव इतका पडला की कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटेना. इतिहासात एका घटनेमागे एकच कारण क्वचितच असते; परीक्षेत उत्तर लिहिताना हे ध्यानी ठेवावे.

अमेरिकेचे माप : विक्रीवर टक्केवारी

आता तुलनेसाठी प्रथम अमेरिका पाहू. तेथे १९५४ साली राष्ट्रीय लोकर कायदा झाला. युद्धकाळी गणवेशास लोकर लागते, म्हणून देशातील लोकरीचे उत्पादन ३० कोटी पौंडांपर्यंत न्यावे, हा त्याचा हेतू. यात तूट भरून देण्याची रीत मोठी चतुर होती. देशाचा सरासरी भाव ठरलेल्या प्रोत्साहन किमतीपेक्षा जितके टक्के कमी पडेल, तितके टक्के प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या विक्रीवर वाढवून देत.

हिशेब करून पाहा. समजा, प्रोत्साहन किंमत पौंडास ६० सेंट आणि देशाचा सरासरी भाव ४० सेंट आहे. तूट २० सेंट, म्हणजे सरासरी भावाच्या ५० टक्के. ज्याने लोकर स्वच्छ ठेवून ५० सेंटने विकली, त्याला २५ सेंट अनुदान मिळून एकूण ७५ पडतील. ज्याची लोकर काडीकचऱ्याने भरलेली असून ३० सेंटने गेली, त्याला १५ सेंट मिळून एकूण ४५ पडतील. चांगल्या मालास अधिक अनुदान मिळे. म्हणून मेंढपाळ चांगला भाव मिळविण्याची खटपट सोडीत नसे.

परंतु या मापातही एक फट होती. पैसे लोकरीवर मिळतात म्हटल्यावर खाटकाकडे जाणारे कोकरूही विकण्यापूर्वी घाईने कातरून घेण्याचा मोह कोणास होणार नाही? तो टाळण्यासाठी न कातरलेल्या कोकरांच्या वजनावरही वेगळे अनुदान देण्याची तरतूद करावी लागली. माप ठरविणाऱ्यास घेणाऱ्याच्या मनात शिरून किती दूरचा विचार करावा लागतो, याचे हे सुंदर उदाहरण होय.

असे असूनही हेतू सफल झाला नाही. ३० कोटी पौंडांचे उद्दिष्ट कधीच गाठले गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साडेपाच कोटींच्या आसपास असलेल्या तेथील मेंढ्या आज अर्ध्या कोटीच्या आसपास उरल्या आहेत. कृत्रिम धागे आले, लोकांच्या आहारातील मेंढीचे मांस कमी झाले, रानात राहून कळप राखणारी माणसे मिळेनाशी झाली. १९९३ च्या कायद्याने हे अनुदान बंद करण्याचे ठरले आणि १९९५ अखेर ते संपले. म्हणजे चांगले मापसुद्धा काळाचा ओघ उलटा फिरवू शकत नाही.

ब्रिटनचे माप : मेंढीची शिरगणती

ब्रिटनमध्ये डोंगराळ भागातील मेंढपाळांना दुसऱ्या महायुद्धापासून मेंढीमागे ठराविक रक्कम देण्याची प्रथा होती. १९८० पासून युरोपीय समुदायाच्या मेंढीविषयक धोरणानुसार दर मेंढीमागे वार्षिक अनुदान सुरू झाले. येथे भाव, वजन, प्रत यांपैकी काही मोजावयाचे नव्हते. मेंढ्यांची डोकी मोजावयाची होती.

जे मोजले गेले ते वाढले. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे तीन कोटी मेंढ्या होत्या. पुढील बारा-तेरा वर्षांत ही संख्या चार कोटींच्या पलीकडे गेली. वेल्सच्या डोंगरांवर आणि इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात कळपांनी गवताबरोबर हेदर नावाची रानझुडपेही मुळापर्यंत खुरटविली. १९९३ पासून प्रत्येक मेंढपाळास किती मेंढ्यांवर अनुदान मिळेल याची मर्यादा बांधावी लागली. अखेर २००५ पासून अनुदान आणि मेंढ्यांची संख्या यांचा संबंध तोडण्यात आला. रक्कम जमिनीशी जोडली गेली आणि जमीन सुस्थितीत राखण्याची अट घातली गेली. इंग्लंडमध्ये २०२१ पासून जमिनीवरील अनुदानही टप्प्याटप्प्याने कमी करून, पाणी, माती, वनस्पती यांची जपणूक करणाऱ्यास मोबदला देण्याकडे धोरण वळले आहे.

याचीही दुसरी बाजू पाहिली पाहिजे. शिरगणतीच्या अनुदानाने डोंगरावरील अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या होत्या. २००५ नंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मेंढ्या लक्षणीय घटल्या; तेव्हा कळपाबरोबर मेंढपाळाचे कसब आणि शेजारधर्मही जातो की काय, अशी चिंता तेथील लोकांस वाटू लागली.

आपल्याकडील मेंढपाळ

पावसाळा सरला की आपल्या सीमाभागात धनगरांचे कळप माळावरून जाताना आपण पाहतो. पीक निघालेल्या शेतात रात्री मेंढरे बसविली की त्यांच्या लेंड्यांचे उत्तम खत जमिनीस मिळते आणि त्याबद्दल शेतकरी धान्य अथवा पैसे देतो. हा व्यवहार सरकारी मदतीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु माळ कमी होत चालले, बारमाही बागायत वाढली, घोंगड्याच्या लोकरीस पूर्वीचे गिऱ्हाईक राहिले नाही. म्हणून येथेही मदतीचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘राजे यशवंतराव होळकर महामेष योजना’ मंजूर केली. तीत वीस मेंढ्या व एक नर असा कळप घेण्यासाठी ७५ टक्के अनुदानाची तरतूद झाली. रानात पीक उभे असल्यामुळे पावसाळ्याच्या चार महिन्यांत चराईची ओढाताण होते. त्या काळासाठी चराई अनुदानाचीही सोय करण्यात आली.

न्यूझीलंडच्या ७ कोटी मेंढ्यांपुढे हा वीस मेंढ्यांचा कळप अगदी लहान. तेथील मेंढपाळाकडे स्वतःचे शेकडो एकर कुरण होते. आपल्या मेंढपाळाकडे बहुधा पायांखालची वाट एवढेच कुरण असते. म्हणून तिकडचा निर्णय जसाच्या तसा इकडे लावणे हे शहाणपणाचे होणार नाही. परंतु तिकडे जो प्रश्न उभा राहिला तो येथेही विचारता येतो. कळप घेण्यास मदत मिळाली आणि चरावयास माळ उरला नाही, तर त्या वीस मेंढ्यांचे काय होईल? मेंढीस मोजावे, की गवतास, की पावसाळ्यात अडलेल्या त्या चार महिन्यांस? चराई अनुदान हे शेवटचे माप धरते, आणि मेंढपाळाची खरी अडचण जेथे आहे त्याच्या ते अधिक जवळ जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सारांश

तीन देशांच्या या हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. अनुदान कितीही सद्‌हेतूने दिलेले असो, ते ज्या वस्तूवर मोजले जाते ती वस्तू वाढते. कोणत्याही भावाने विकलेल्या मांसावर मोजले तर न खपणारे मांस वाढते. मेंढ्यांच्या डोक्यांवर मोजले तर डोकी वाढतात आणि डोंगर उघडे पडतात. विक्रीच्या टक्केवारीने मोजले तर मालाची प्रत टिकते, परंतु सरलेला काळ परत येत नाही. आणि अनुदान एकदा घराच्या हिशेबात मुरले की ते काढून घेणे फार दुःखाचे होते. ते दुःख ज्यांनी धोरण आखले त्यांच्या वाट्यास न येता, ज्यांनी त्यावर विश्वास ठेवून कर्ज काढले त्यांच्या वाट्यास येते. म्हणून मोठे होऊन तुम्ही अधिकारी व्हा, ग्रामपंचायतीचे सभासद व्हा अथवा नुसते मतदार व्हा, एखादे अनुदान जाहीर झाले की “किती?” या प्रश्नाबरोबर “कशावर?” हाही प्रश्न विचारावयास शिका.

अभ्यासासाठी प्रश्न

१. किमान किंमत ५० रुपये आणि बाजारभाव ३५ रुपये असता तूट भरून देण्याच्या पद्धतीने किती अनुदान मिळेल? बाजारभाव २० रुपयांवर गेला तर शेतकऱ्याच्या एकूण प्राप्तीत काय फरक पडेल? यावरून कोणता बोध होतो?

२. लेखातील अमेरिकन पद्धतीने, सरासरी भाव ४० सेंट व प्रोत्साहन किंमत ५० सेंट असता, ४८ सेंटने लोकर विकणाऱ्यास एकूण किती मिळतील?

३. अनुदानामुळे जमिनीची किंमत वाढली तर लाभ कोणाचा व तोटा कोणाचा, हे आपल्या शब्दांत लिहा.

४. आपल्या गावाजवळ येणाऱ्या मेंढपाळास वडील मंडळींसह भेटून विचारा: वर्षातील कोणते महिने त्यास सर्वांत कठीण जातात आणि का? त्याच्या उत्तरावरून त्यास मदत करावयाची झाल्यास कोणते माप योग्य ठरेल, ते दहा ओळींत लिहा.